खुल्या गटातला लखमा

लखमादादाला कुणी वय विचारलं की तो आहे तिथे उकिडवा बसायचा, जमिनीला हात न टेकता ताडकन उभा राहायचा आणि म्हणायचा, "एवढं." मग विचारणाऱ्यालाच सांगायचा, "आता तू बस. तुझं बघू."

विचारणारा सहसा बसत नसे. कचेरीतली माणसं तर नाहीच. त्यांच्या पँटी तंग असायच्या. त्यातल्या काही मीच शिवलेल्या.

मी शिंपी. घर साताऱ्याकडे, दुष्काळी पट्ट्यात. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. शाळा सुटली आणि मामाने मला आपल्याकडे वाणगावला आणलं. मामा रेल्वेत पॉइंट्समन. त्याने एक जुनी मशीन घेऊन दिली, काम शिकवायला एक कारागीर गाठून दिला, आणि चार वर्षांनी त्याची बदली पार गुजरातेत झाली. मी मागे राहिलो. मला कुणी ओळखत नव्हतं आणि मला सगळ्यांची भीती वाटायची. कंडक्टरची, तलाठ्याची, गिऱ्हाइकाची. वाणगावात शिंपी दोन होते म्हणून कुणीतरी सांगितलं, उधव्याच्या बाजारात बस. तिथे गेलो, तर जागा मिळाली ती सुक्या बोंबलांच्या ढिगाशेजारी. तीन बाजार मी तिथे बसलो. माझ्याकडे शिवायला टाकलेलं कापड नाकाला लावून लोक परत न्यायचे.

चौथ्या बाजारी एक बुटका, रुंद मानेचा माणूस समोर येऊन उभा राहिला. डोक्याचे केस सगळे पांढरे, दाढीची खुंटं काळी. कमरेला लंगोटी, हातात हातभर लाल कापड.

"तू घाटावरचा?"

"हो."

"पैलवान?"

"नाही. शिंपी."

"घाटावरचा आन् पैलवान नाय?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हा काठीसारखा होतो. "बरं. लंगोट तरी शिवतोस?"

लंगोट मी मामाकडे मामेभावांचे पुष्कळ शिवलेले होते. म्हटलं, शिवतो. तो म्हणाला, "इथं नाय. बोंबलाच्या वासाचा लंगोट घातला तं समोरचा जोडीदार हसून हसूनच पडेल." आणि एवढं बोलून त्याने माझी मशीन, लोखंडी स्टँडसकट, उचलून खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

मी त्याच्या मागे धावत सुटलो. मला वाटलं, मशीन गेली. अर्धा मैल मी "ओ दादा, ओ दादा" करत धावतोय, आणि तो मागे वळूनही बघत नाही. शेवटी एका कुडाच्या घरासमोर थांबला. पडवीत मशीन ठेवली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "इथं शिव."

"भाडं किती?" माझा आवाज कापत होता.

"ताडावर सुगरण घरटं बांधते. ताड भाडं मागतो काय?"

त्या पडवीत मी सात वर्षं शिवलं. आज माझी मुलं ज्या घरात राहतात त्याचा पाया त्या पडवीत घातला गेला. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर त्याने मला मातीत घेतलं असतं.

त्याची बोली मला नीट लिहिता येणार नाही. माझ्या घाटावरच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहितोय. कुणा जाणत्याला चूक दिसली तर ती माझी.

घरामागे आंब्याच्या सावलीत त्याचा हौदा होता. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, दहा-बारा हात औरसचौरस. त्यातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी. लोण्यासारखी मऊ, गडद लाल. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, ही माती कुठून आणली? लखमादादा कुदळ चालवत राहिला. त्याची बायको बुधीवहिनी भात कांडत होती. ती म्हणाली, "चोरून आनली." तेवढ्यावर तो भडकला. "चोरून नाय. दिवसाढवळ्या आनली. माझी होती."

ती गोष्ट मला नंतर तुकड्यातुकड्याने कळली. त्या भागात वेठ होती. सावकाराच्या वाडीवर फुकट राबायचं, बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नाही. लखमादादाच्या सावकाराला कुस्तीचा नाद. त्याने उत्तरेकडचे चार पैलवान राखणीला ठेवले होते आणि त्यांच्यासाठी वाडीत आखाडा बांधला होता. लखमादादाची वेठ म्हणजे त्या आखाड्याची माती. ती चाळायची, तिच्यात तेल, हळद, ताक घालून कालवायची, पहाटे कुदळीने उकरायची, संध्याकाळी पाणी मारायचं. मिसरूड फुटायच्या आधी त्याला तिथे धरला, आणि वेठ उठली तेव्हा त्याचे केस पांढरे होत आले होते. पंधरा पावसाळे, तो सांगायचा. "माती कालवली मी. लोळले ते."

हौद्यात पाय टाकायचा तो कुदळ हातात असतानाच. एकदा पैलवानांचं बघून त्याने चिमूटभर माती कपाळाला लावली. सावकाराने पाहिलं आणि दिवसभर त्याला उन्हात एका पायावर उभा केला. पण डोळे कुणी बांधले नव्हते. पट कसा काढतात, ढाक कशी लावतात, चीत करताना खांदा कुठे दाबतात, हे सगळं त्याने कुदळीच्या दांड्याला टेकून पाहून घेतलं. आणि घरी येऊन करून बघितलं. कुणावर? गोऱ्ह्यावर. ताडाच्या बुंध्यावर. "लग्नाला चार दिस झाले नाय," बुधीवहिनी सांगायची, "आन् ह्याने घराच्या खांबाला ढाक लावली. कूड पडला माझ्या अंगावर."

"कूड कच्चा होता," तो म्हणायचा.

"कूड कच्चा नव्हता. अक्कल कच्ची होती."

वेठ उठली त्या साली लोकांनी आपापल्या परीने ते साजरं केलं. कुणी सावकाराच्या वाटेने छाती काढून चालून आलं, कुणी नाचलं. लखमादादा बैलगाडी घेऊन वाडीत गेला. आखाड्यात उतरला आणि फावड्याने माती गाडीत भरू लागला. सावकाराची माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, "ही माती मालकाची आहे." लखमादादा म्हणाला, "जमीन मालकाची. माती माझी. मळली कोनी?" तीन खेपा केल्या. चौथीला गेला तेव्हा वाडीचं फाटक बंद होतं. तर फाटकाला टेकून बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. फाटक उघडलं. चौथी खेपही आणली.

त्या मातीत त्याने पाड्यातली पोरं खेळवायला सुरुवात केली. जोड लावायची त्याची रीत साधी. दोघांना समोर उकिडवं बसवायचा, उठवायचा, मनगटं दाबून बघायचा, मानेवरून हात फिरवायचा. "हा पाडाला आलाय, हा अजून कच्ची कैरी. नाय लागायची ही जोड." किंवा "दोन्ही एकाच डहाळीचे. लागा." त्याचं वर्षांशी काही देणंघेणं नव्हतं. "वय गुडघ्यात असतं," म्हणायचा. "कोनाचं मानेत."

या नजरेची कीर्ती बाजारभर होती. बैल घेणारे त्याला दात बघायला न्यायचे. एकदा मात्र या कीर्तीने घोटाळा केला. पलीकडच्या पाड्यातल्या एका मुलीला बघायला गुजरातच्या बाजूने पाहुणे आले. मुलीच्या बापाने लखमादादाला सहज म्हणून बोलावलं. नवरा म्हणे पंचवीसचा. लखमादादाने त्याला ताडी घ्यायच्या निमित्ताने उकिडवं बसवलं आणि उठताना पाहिलं. नवऱ्याने हलकेच गुडघ्यावर हात ठेवला. झालं. लखमादादा सगळ्यांसमोर म्हणाला, "पंचवीस? ह्याचे गुडघे ह्याच्याआधी पंधरा वर्सं जल्माला आले असतील." पाहुणे काठ्या घेऊन मागे लागले. तो पडवीत येऊन माझ्या मशीनमागे बसला. मी पायडल मारत राहिलो, कापडाशिवाय. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "शिंपीदादा, सुई तरी ओव."

महाराष्ट्र झाला, उंबरगाव तिकडे गुजरातेत गेलं, तलासरी इकडे राहिली. तलासरीला नवी कचेरी आली, नवे साहेब आले, आणि एक-दोन वर्षांत तालुक्याच्या कुस्त्या सुरू झाल्या. या कुस्त्या आमच्याकडच्या जत्रेसारख्या नव्हत्या. छापील कागद होता. सोळाखालचे, अठराखालचे, आणि त्यावर खुला गट. वय धरताना जन्माचं फक्त साल धरायचं, महिना नि तारीख नाही. चालू सालातून जन्मसाल वजा केलं की गट निघाला. दाखला शाळेचा.

लखमादादाच्या हौद्यातली सहा पोरं शाळेत होती. गुरुजी डहाणूचे, शनिवारी बसने घरी जाणारे, नेटके, तापट. त्यांनी सहा दाखले लिहून दिले. लखमादादाने ते माझ्याकडून वाचून घेतले. मी वाचले. सहाही पोरांचा जन्म एक जूनचा.

"सगळे एकाच दिवशी?" लखमादादा म्हणाला. "त्या दिवशी सुइनीचे हात तुटले असतील."

शाळेची रीत अशी की पोरगं दाखल करायला आलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला, की पोरगं सहा वर्षांचं. एक जून लिहायचा, साल मागे मोजायचं, दाखल करून घ्यायचं. आमच्याकडेही असंच. माझा स्वतःचा जन्म एक जूनचा आहे. पण या सहांत दोघे भाऊ होते, जान्या आणि मंगळ्या. जान्या थोरला, पण आखूड हाताचा. मंगळ्या धाकटा आणि लांब हाताचा. मंगळ्याचा कान जान्याच्या एक वर्ष आधी हाताला लागला. त्यामुळे कागदावर मंगळ्या थोरला झाला होता आणि अठराखालच्यांत बसला होता, आणि जान्या, ज्याला मिशी होती, तो सोळाखालच्यांत.

लखमादादा दोघांना घेऊन शाळेत गेला. मला बरोबर नेलं, वाचायला. गुरुजी म्हणाले, "दाखला आहे तो आहे. मी खाडाखोड करणार नाही. सरकारी कागद आहे."

"गुरुजी, हा थोरला."

"कागदावर धाकटा आहे."

"ह्याच्या आयशीला विचारा."

"आई दाखला देत नाही, लखमा. शाळा देते."

लखमादादाने दोघा पोरांना पुढे केलं. मग म्हणाला, "मग ह्या दोघांना बी शाळेनेच जल्म द्यायचा होता." गुरुजींचा चेहरा लाल झाला. मी पुढे होऊन हात जोडले आणि माफी मागितली. कुणाची, कशाबद्दल, मलाही सांगता आलं नसतं. मला वाटत होतं, आता पडवी जाणार, मशीन जाणार, पोलीस येणार.

कुस्त्यांच्या दिवशी सोळाखालच्यांत जान्यासमोर एक पोरगं उभं राहिलं. ते त्याच्या छातीलाही लागत नव्हतं. शिट्टी वाजायच्या आत लखमादादा मातीत उतरला आणि जान्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. पंचांनी विचारलं, काय झालं? लखमादादा म्हणाला, "माझा पोऱ्या हरला. लिहा." जान्या रडत होता. घरी येताना लखमादादा त्याला एवढंच म्हणाला, "पोरं पाडून मोठं व्हायचंय तुना? मोठ्यानं तुना पाडलं तं रडू नको. लहानाला पाडून हसलास, तं माझ्या हौद्यात पाय टाकू नको."

पंचांमध्ये गुरुजी होते.  मी त्यांना चष्मा काढून पुसताना पाहिलं.

पुढच्या वर्षी कागदावर एक ओळ वाढली. प्रौढ गट, वय पस्तिशीच्या वर.

लखमादादाच्या मनात त्या वर्षी काय होतं ते मला आधी कळलं नाही. त्याने माझ्याकडून नवा लंगोट शिवून घेतला. रोज पहाटे मातीत मंगळ्या-जान्या दोघांना तो मिळून अंगावर घ्यायचा. बुधीवहिनी म्हणाली, "माती खा आता, भात नको मागू." एक दिवस तो माझ्यासमोर कोरा फॉर्म ठेवून म्हणाला, "माझं नाव घाल. खुल्यात."

मी नाव घातलं. लखमा नवशा. गाव उधवा. मग वयाचा चौकोन आला. तो म्हणाला, "तो सोड." पण रिकामा चौकोन मला बघवायचा नाही. शाळेत मी एक चौकोन रिकामा सोडला होता त्याबद्दल छडी खाल्ली होती. कचेरीत फॉर्म द्यायला मी एकटाच गेलो, तो भात लावणीत होता. कारकून म्हणाला, "वय?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." तो म्हणाला, "रिकामा फॉर्म घेत नाही. केस कसे आहेत?" मी म्हटलं, "पांढरे." तो म्हणाला, "मग पंचेचाळीस लिही." मी लिहिलं. त्याने लाल शाईने गटाच्या जागी 'प्रौढ' केलं आणि शिक्का मारला. मी शिक्का पाहिला, आणि नमस्कार करून निघून आलो. लखमादादाला काही सांगितलं नाही.

कुस्त्यांच्या दिवशी कचेरीमागच्या मैदानात ओरडणारा ओरडला, "प्रौढ गट, लखमा नवशा, उधवा." लखमादादा लंगोट कसून उभा राहिला. समोर कोणी आलं नाही. त्या गटात तो एकटाच होता. मंडपातून साहेब म्हणाले, "बिनविरोध विजयी. या बाबा, वर या." टेबलावर नारळ आणि टॉवेल ठेवलेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लखमादादा वर गेला नाही. "कुस्ती कठं आहे?" म्हणाला.

"प्रतिस्पर्धी नाही ना. तुम्ही जिंकलात."

"कोनाला पाडून?"

लोक हसले. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, भले गृहस्थ. "बाबा, तुमच्या वयाचा मान आहे हा. नारळ घ्या."

"नारळ माझ्या दारात लागतात. माझं नाव खुल्यात आहे."

साहेबांनी कागद पाहिला. "इथे प्रौढात आहे. वय पंचेचाळीस. कुणी लिहिलं हे?"

लखमादादा मागे वळला. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी गर्दीतून पुढे आलो. 

"मी लिहिलं साहेब."

"कशावरून?"

"केसांवरून."

सगळं मैदान हसलं. साहेबही हसले. लखमादादा हसला नाही. म्हणाला, "शिंपीदादा, तू भरलंस. आता तूच खोड."

"खोडता येणार नाही," साहेब म्हणाले. "गट बदलायला वयाचा दाखला लागतो. दाखला आहे?"

"नाय."

"मग खुल्या गटात कसं घेऊ? वय सिद्ध कशावरून करू?"

लखमादादाने एक पाऊल पुढे टाकलं. "साहेब, दाखला नाय म्हणून खुल्यात नाय. बरोबर? मग दाखला नाय, तं प्रौढात कसा घातला?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने माझ्याकडे.

"केस पांढरे आहेत बाबा, ते दिसतंय सगळ्यांना," साहेब जरा वरच्या आवाजात म्हणाले.

तेव्हा तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. आवाज चढवला नव्हता.

"पांढरे आहेत. वेठीत झाले. सावकाराच्या वाडीच्या आखाड्याची माती मळली मी, पंधरा पावसाळे. खुल्या गटाचं माझं वय तठं गेलं. मी खेळलो नाय, साहेब. एक दिस नाय. ती वर्सं सावकाराने खाल्ली. त्याच्या नावावर लिहा. माझ्या नावावर नका लिहू. वेठ उठली त्या दिसापास्नं मोजा. मग सांगा, मी कोनच्या गटात."

मैदानातल्या पाड्यापाड्यांच्या लोकांत एक आवाज उठला. शब्द नव्हते त्यात. माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

 तेवढ्यात पंचांच्या बाकावरून गुरुजी उठले. हातात तो छापील कागद होता. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला बारीक टायपात चार ओळी होत्या, ज्या आम्ही कुणीच वाचल्या नव्हत्या. गुरुजींनी शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचलं, की लहान गटातल्याने मोठ्यांच्या गटात चढायचं नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. प्रौढ गटातल्याला मात्र, त्याची इच्छा असल्यास, खुल्या गटात उतरता येईल. मग चष्मा सारखा करून म्हणाले, "साहेब, दाखल्याचा प्रश्न येत नाही. इच्छा पुरे आहे. सरकारी कागद आहे."

खुल्या गटात शेवटची जोड बाकी होती. डहाणूरोडचा रेल्वेतला एक फायरमन, सदानंद, तेविशी-चोविशीचा, मुंबईच्या तालमीत तयार झालेला. त्याचा जोडीदार आलाच नव्हता. सदानंद कानकोंडा झाला. लखमादादाजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला लागलं-बिगलं तर लोक मला शिव्या घालतील."

"तू हळू खेळलास तं मी घालीन," लखमादादा म्हणाला.

कुस्ती नऊ-दहा मिनिटं चालली असेल. मला कुस्तीतलं फार कळत नाही. पण एवढं कळलं, की सदानंद पहिल्या दोन मिनिटांत मोठ्या माणसाशी खेळतात तसं खेळला, आणि मग लखमादादाने त्याचा पट काढून त्याला गुडघ्यावर आणला. त्यानंतर सदानंदने वयाचा मान राखणं सोडलं. सोडलं म्हणूनच ती कुस्ती झाली. दोघांचे श्वास मंडपापर्यंत ऐकू येत होते. एकदा सदानंद खाली गेला, पोटावर, आणि लखमादादा त्याच्या पाठीवर. जान्या-मंगळ्यांचे घसे ओरडून ओरडून बसले होते. बुधीवहिनी बायकांत उभी होती. पदर तोंडात. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा लखमादादा खाली होता. एक खांदा टेकला होता. दुसरा बराच वेळ टेकेना. मग टेकला.

शिट्टी वाजली. सदानंद उठला आणि पहिली गोष्ट ही केली, की वाकून लखमादादाच्या पायाला हात लावला. लखमादादाने पाय मागे घेतला. "बरोबरीच्याच्या पाया पडतोस?" म्हणाला. आणि हात पुढे केला. सदानंदने हात धरला.

मग तो तसाच, मातीने माखलेला, धापा टाकत कारकुनाच्या टेबलापाशी गेला. "लिहा."

कारकून म्हणाला, "विजेत्यांचीच नावं लिहायची आहेत."

"माझं लिहा. कठल्या गटात हरलो ते बी लिहा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. कारकुनाला लिहायला वेळ लागत होता म्हणून गुरुजींनी टाक आपल्या हातात घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. लखमादादाने मला जवळ बोलावलं. "वाच."

मी वाचलं. "खुला गट. लखमा नवशा, उधवा. हरला."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. शेजारच्या पाड्याचे चार जण जवळ आले होते, त्यांनाही ऐकायचं होतं. तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा माझा आवाज कापला नाही.

साहेब खाली उतरून आले. हातात नारळ नि टॉवेल. "बाबा, आता तरी घ्या. तुमच्या गटाचं बक्षीस पडून आहे."

लखमादादाने नारळ घेतला, हातात तोलला आणि सदानंदच्या हातात ठेवला. "टॉवेल बी ह्याला द्या. दमलाय पोऱ्या."

घरी येताना चार मैल तो अंगाची माती धुवायला तयार नव्हता. वाटेत ओहोळ लागला तेव्हा वहिनी म्हणाली, "धू आता. घरात नको आणू." तो म्हणाला, "आज ही माती मी मळलेली नाय. दुसऱ्या कोनी तरी मळली, आन् मी लोळलो." वहिनी ओहोळ ओलांडून पुढे चालू लागली. फॉर्मविषयी त्याने मला एक शब्द विचारला नाही. त्या रस्त्याने मी चार-पाच वेळा तोंड उघडलं असेल, आणि दर वेळी तो दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

पुढच्या वर्षी आई आजारी असल्याचं पत्र आलं आणि मी कायमचा गावी निघालो. मशीन आधीच मालाच्या ट्रकने पाठवली होती. मी तलासरीहून मुंबईकडे जाणारी बस पकडली. बस हमरस्त्याला लागण्याआधी कचेरीच्या मैदानावरून जायची. तिथे त्या दिवशी कुस्त्यांची नावनोंदणी चालू होती. दोन टेबलं, दोन पाट्या. एका टेबलापुढे कोणी नव्हतं. दुसऱ्यापुढे वीस-पंचवीस तरुणांची रांग, आणि त्या सगळ्या काळ्या डोक्यांत एक पांढरं. कारकून बसल्या जागेवरून हात लांब करून त्याला रिकाम्या टेबलाकडे जायला सांगत होता. तो ऐकत नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी खिडकीतून हाक मारली, पण त्याने पाहिलं नाही. तो कारकुनाकडेच बघत होता. मग रांग एका माणसाने पुढे सरकली, आणि तोही सरकला.